खिशात दमडी नाही, तरी १३ वर्षं पायी: विनोबांच्या पदयात्रेचा खर्च भागायचा कसा?

नर्मदा परिक्रमा, पंढरीची वारी, पचमढीच्या महादेवाची यात्रा. लांब पायी जायचं ठरलं की हल्ली आधी मोबाइलवर हिशेबाचा तक्ता तयार होतो. बूट किती, सॅक किती, रोजच्या जेवणाला किती, मुक्कामाला किती, आजारी पडलो तर बाजूला किती ठेवायचे. तक्ता करणं शहाणपणाचंच आहे. पण भंडाऱ्याहून नागपूरमार्गे साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, धाम नदीच्या काठी पवनारला, असा एक माणूस राहत होता ज्यानं १९५१ ते १९६४ अशी १३ वर्षं देश पायी पालथा घातला आणि स्वतःजवळ पैसा ठेवला नाही.

आचार्य विनोबा भावे. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर भूदानाचा एक परिच्छेद असतो आणि बहुतेकांची ओळख तिथंच थांबते. त्या चालण्याचा खर्च कुणी केला, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. रक्कम शून्य असली म्हणजे खर्च शून्य असतो असं नाही. तो कुणाच्या तरी खात्यात पडतोच. विनोबांना हे पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांचं अर्धं आयुष्य याच हिशेबात गेलं.

एक लाख तांदूळ, मोजून

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या पेण तालुक्यात गागोदे गावी. वडील नरहरराव बडोद्यात नोकरीला, रंगांच्या रसायनातले जाणकार. मुलाला गणित मनापासून आवडायचं.

आई रुक्मिणीबाईंनी एकदा देवाला एक लाख तांदळाचे दाणे वाहायचा नेम धरला आणि रोज एकेक दाणा मोजून वाहायला लागल्या. वडिलांनी सोपा उपाय सांगितला: तोळाभर तांदूळ मोजा, लाखाला किती तोळे होतात ते काढा आणि तेवढे वजन करून टाका. आपल्यासारख्या धानाच्या जिल्ह्यात कुणीही हेच सुचवेल. आईनं विनूला विचारलं. गणिताच्या या पोरानं कौल आईच्या बाजूनं दिला: दाणा मोजताना देवाची आठवण होते, ती वजनात होत नाही. पुढं एकेका गावात पायी जाऊन एकेक एकर मागणाऱ्या माणसाचा स्वभाव इथंच दिसतो. घाऊक भावानं काम उरकणं त्यांना जमलं नाही. त्याचा फायदा झाला तसाच तोटाही झाला, तो पुढं येईलच.

काशीत रोजचं बजेट: दोन पैसे

२५ मार्च १९१६ ला ते इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून काशीची गाडी धरली. शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं त्याआधीच चुलीत गेली होती.

काशीत दुपारचं जेवण अन्नछत्रात मिळायचं आणि वर दोन पैसे दक्षिणा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे व्हायचे, म्हणजे महिन्याला रुपयाला थोडं कमीच. त्या दोन पैशांत रताळी आणि दही घेऊन रात्रीचं भागायचं. एका खासगी शाळेत इंग्रजी शिकवायचं काम मिळालं तेव्हा पगार किती हवा, असं विचारल्यावर त्यांनी महिना दोन रुपये मागितले. गरज तेवढीच होती. एकदा एका दुकानदारानं कुलपाची किंमत वाजवीपेक्षा कितीतरी पट सांगितली. विनोबांनी योग्य किंमत कोणती ते त्याला सांगितलं आणि त्यानं मागितले तेवढेच पैसे मोजले. काही दिवसांनी दुकानदारानंच बोलावून जादा पैसे परत केले.

हे किस्से गोड वाटतात, पण त्यामागं एक ठाम सूत्र आहे. आधी गरज ठरवायची आणि मागायचं तेवढंच. आपण बहुतेक जण उलट करतो. आधी किती मिळतंय ते पाहतो आणि मग गरजा तिथवर नेतो.

पहिली लांब चाल: ४०० मैल

जून १९१६ मध्ये विनोबा अहमदाबादजवळ कोचरबला गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. १९१७ मध्ये प्रकृती आणि अभ्यास या कारणांनी त्यांनी वर्षाची रजा घेतली. वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राभ्यास केला आणि महाराष्ट्रातल्या चार-पाच जिल्ह्यांतून सुमारे ४०० मैल, म्हणजे जवळपास ६४० किलोमीटर पायी फिरले. वाटेत गडकिल्ले पाहिले, गावोगाव गीतेवर बोलले. वर्षाअखेर गांधीजींना पत्रानं सगळा हिशेब पाठवला: काय शिकलो, काय शिकवलं, किती चाललो, कोणते नेम पाळले. पैशांऐवजी दिवसांचा जमाखर्च होता तो.

१९२१ च्या एप्रिलमध्ये ते वर्ध्याला आले आणि विदर्भाचेच झाले. नालवाडीला त्यांनी एक प्रयोग केला: दिवसभर सूत कातायचं आणि कातणाऱ्याला बाजारात जेवढी मजुरी मिळते तेवढ्यातच जेवायचं. मजुरी तुटपुंजी, त्यामुळं ताटही तुटपुंजं. १९३८ मध्ये पवनारला आले तेव्हा त्यांचं वजन ८८ पौंड, म्हणजे ४० किलोच्या आत-बाहेर होतं. कातणाऱ्याच्या मजुरीत माणूस नीट जगू शकत नाही, हे त्यांनी स्वतःच्या शरीरावर मोजून पाहिलं. काटकसरीचं कौतुक करताना हा आकडाही ध्यानात ठेवलेला बरा.

१९४० ला वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही, मग तुरुंगवास, १९४८ ला गांधीजींची हत्या. ही वर्षं आपण भरभर ओलांडू.

रेल्वेचं तिकीट बजेटमध्ये नव्हतं

१९५० च्या सुरुवातीला पवनारच्या आश्रमात कांचनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. कांचन म्हणजे सोनं, पैसा. आश्रमाला लागणारं धान्य, भाजी आणि कापड स्वतःच्या हातांनी तयार करायचं, बाजारातून शक्यतो काही आणायचं नाही. बैलांशिवाय हातांनी शेती, त्यासाठी विहिरीचं खोदकाम, असं सगळं चाललं होतं.

तेवढ्यात हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं. विनोबा जायला तयार नव्हते. शंकरराव देवांनी फारच आग्रह धरला तेव्हा ते तयार झाले, पण पायी. जो माणूस पैसा सोडायच्या प्रयोगात आहे त्याच्याकडं तिकिटासाठी रक्कम कुठून येणार? मार्च १९५१ च्या ८ तारखेला ते निघाले आणि सुमारे ३०० मैल चालून महिन्याभरात पोचले. दिवसाला १० मैल.

योगायोग पाहा. त्याच महिन्याच्या शेवटी, ३१ मार्च १९५१ ला, आपल्याकडची मालगुजारी कायद्यानं संपली. भंडारा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे इथं कुणाला सांगायची गरज नाही. जमीन कुणाची, हा त्या काळातला सगळ्यात गरम प्रश्न होता.

तेलंगणात तो बंदुकीनं विचारला जात होता. संमेलनानंतर विनोबा त्याच भागात चालत गेले. १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत ४० दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडं द्यायला काहीच नव्हतं. सरकारकडं अर्ज करायच्या ऐवजी त्यांनी जमलेल्या गावालाच विचारलं, आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभं राहून १०० एकर देऊ केले. पुढच्या ५१ दिवसांत तेलंगणात १२ हजार एकरांहून थोडी जास्त जमीन मिळाली.

योजना आयोगाला भेटायला, चालत

पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या मसुद्यावर विनोबांनी टीका केली होती. पंतप्रधान नेहरूंनी त्यांना चर्चेसाठी दिल्लीला बोलावलं. लवकर जायचं तर विमान होतं, रेल्वे होती. विनोबा १२ सप्टेंबर १९५१ ला पवनारहून पायी निघाले आणि सुमारे ८०० मैल चालून १३ नोव्हेंबरला दिल्लीत पोचले. मुक्काम राजघाटावर झोपडीत. देशाच्या कोट्यवधी रुपयांच्या योजनेवर बोलायला आलेला माणूस दोन महिने खिसा रिकामा ठेवून आला होता.

याच वाटेवर सागरला त्यांनी मोठं उद्दिष्ट जाहीर केलं: ५ कोटी एकर. देशातली लागवडीची जमीन ३० कोटी एकर धरली तर तिचा सहावा हिस्सा. सहावाच का? घरात पाच जण असतील तर गरिबाला सहावा भाऊ समजा आणि त्याचा वाटा काढा, असं साधं गणित.

इंजिनिअरिंगच्या सवयीनं आकडेमोड करून पाहिली. तेलंगणाच्या वेगानं, म्हणजे दिवसाला साधारण २४० एकर, ५ कोटींना ५७० वर्षं लागली असती. पुढं बिहारमध्ये सुमारे २७ महिन्यांत जवळपास २२ लाख एकर मिळाले. त्या वेगानंही ५० वर्षांवर काळ हवा. विनोबांना गणित येत नव्हतं असं नाही. आपण चालत राहिलो की इतरही चालतील, मागतील, देतील आणि वेग गुणाकारानं वाढेल, यावर त्यांची भिस्त होती.

रोजचा खर्च कुणाच्या माथी?

आता मूळ प्रश्नाकडं. पहाटे तीनला उठणं, प्रार्थना, मग कंदिलाच्या उजेडात चालायला सुरुवात. दिवसाला साधारण १० ते १२ मैल. उन्हं चढायच्या आत पुढचं गाव. मुक्काम शाळेत, चावडीत, कुणाच्या वाड्यात, कधी तंबूत. दुपारनंतर सभा, जमिनीचं मागणं, दानपत्रं.

विनोबांचा स्वतःचा खर्च नगण्य होता. पोटात अल्सर असल्यामुळं आहार दूध-दही, गूळ किंवा मध असा, दिवसातून थोडा थोडा आणि मोजून. अंगावर खादी. १९५२ च्या डिसेंबरात बिहारमधल्या चांडीलला मलेरियानं ते मरता मरता वाचले. आधी औषध घ्यायलाच तयार नव्हते, फार विनवण्यांनंतर घेतलं.

बरोबरच्या मंडळींचं काय? सुरुवातीला ती मूठभर होती. मग कार्यकर्ते वाढले, दुभाषे आले, पत्रकार आले, परदेशी पाहुणे आले. या सगळ्यांचं जेवण आणि झोपायची सोय ज्या गावात मुक्काम पडेल ते गाव करायचं. नर्मदा परिक्रमेतल्या सदावर्तासारखीच ही रीत. परिक्रमावासी पैसा न बाळगता चालतो कारण काठावरची गावं पिढ्यान्‌पिढ्या शिधा देत आली आहेत. म्हणून पैशाविना चालणं हे एकट्याच्या जिद्दीचं काम नसतं. वाटेवरच्या शेकडो चुली त्यात भागीदार असतात. एक माणूस आला तर गावाला भार होत नाही, पन्नास आले की होतो. विनोबा एका गावात साधारण एकच रात्र थांबायचे, त्यामुळं हा भार पातळ पसरायचा.

पैसा घ्यायचा, पण हातात नाही

ज्यांच्याकडं जमीन नव्हती त्यांनी काय द्यायचं? ऑक्टोबर १९५२ मध्ये पाटण्याला विनोबांनी संपत्तिदान सुरू केलं. पद्धत वेगळी होती. दात्यानं आपल्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा काढायचा, पण तो विनोबांकडं द्यायचा नाही. रक्कम दात्याकडंच राहणार, विनोबा सांगतील त्या कामावर त्यानंच ती खर्च करायची आणि दरवर्षी हिशेब कळवायचा.

त्यामुळं तिजोरी लागत नव्हती आणि खजिनदारही. सगळा भरवसा देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर. तो भरवसा किती ठिकाणी पाळला गेला हा वेगळा विषय, पण मोठ्या सार्वजनिक कामात पैसा न हाताळता तो वापरायची इतकी विचारपूर्वक आखलेली रीत क्वचितच दिसते.

जमीन मिळाली म्हणजे भूमिहीनाचं घर लगेच उभं राहत नाही, हेही यात्रेत लवकर कळलं. बैल हवा, नांगर हवा, बियाणं हवं, विहीर हवी. म्हणून मग साधनदान, कूपदान, श्रमदान अशी मागणी वाढत गेली.

खरा खर्च कार्यालयात होता

इथवर वाचून वाटेल की सगळं पैशाविनाच चाललं होतं. तसं नव्हतं. विनोबा पैसा बाळगत नसले तरी चळवळीला तो लागत होता. राज्याराज्यांत भूदान समित्या होत्या. पूर्णवेळ कार्यकर्त्यांचं मानधन, कार्यालयं, छपाई, दानपत्रांच्या नोंदी, जमिनीची पाहणी, वाटप. यातला मोठा भाग गांधी स्मारक निधीच्या मदतीवर चालायचा. गांधीजींच्या निधनानंतर देशभरातून जमलेला हा निधी.

नोव्हेंबर १९५६. यात्रा तमिळनाडूत पळणीला होती. तिथं विनोबांनी दोन निर्णय एकदम घेतले. गांधी निधीतून पैसे घेणं बंद आणि भूदान समित्या बरखास्त. निधिमुक्ती आणि तंत्रमुक्ती. पुढचं काम लोकांनी उचलावं, लोकांच्याच आधारावर चालावं. त्यासाठी संपत्तिदान होतं, वर्षातून एकदा स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी द्यायची सूतांजली होती, आणि नंतर सर्वोदयपात्र आलं: घरातल्या लहान मुलाच्या हातानं रोज मूठभर धान्य एका भांड्यात टाकायचं.

विचार म्हणून हे सुंदर आहे. काम म्हणून त्याची किंमत मोठी पडली, असं मला वाटतं. जमीन मागायला एक संध्याकाळ पुरते. ती मोजून, वाद मिटवून, भूमिहीनाच्या नावावर चढवायला महिनोन्‌महिने कुणीतरी तलाठ्याकडं आणि तहसील कचेरीत खेटे घालावे लागतात. तो कुणीतरी उपाशी राहून किती दिवस खेटे घालणार? कायद्यानं स्थापन झालेली भूदान मंडळं होती, पण गावागावात पाठपुरावा करणारी माणसं पांगली. १९५७ नंतर नव्या जमिनीचा ओघही ओसरला.

विनोबांची बाजूही समजून घ्यायला हवी. निधी घेत राहिलं तर चळवळ निधीची होते, लोकांची राहत नाही, ही भीती खोटी नव्हती. नालवाडीत कातणाऱ्याच्या मजुरीत जेवणाऱ्याला पगारी कार्यकर्त्यांची फौज खटकणारच. तिथं उपासाचा भार त्यांच्या एकट्याच्या शरीरानं सोसला. पळणीचा भार ज्यांची जमीन अजून कागदावरच होती त्यांच्यावर पडला.

आठ हजार मैल, तोच नियम

या नियमाची सगळ्यात लांब परीक्षा विनोबांनी नाही, त्यांच्या दोन तरुण अनुयायांनी दिली. सतीश कुमार आणि ई. पी. मेनन यांनी १९६२ मध्ये अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी जगप्रवास सुरू केला: मॉस्को, पॅरिस, लंडन आणि समुद्र जहाजानं ओलांडून वॉशिंग्टन. एकूण सुमारे ८ हजार मैल. निघण्याआधी ते विनोबांना भेटले. सल्ला मिळाला की पैसा जवळ ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका. कारण व्यवहारी होतं. पैसा असला की थकलेला माणूस खानावळीत जेवतो, हॉटेलात झोपतो, कुणाशी न बोलता पुढं जातो. पैसा नसला की दार ठोठवावं लागतं आणि शाकाहारी म्हटलं की का, म्हणून बोलणं सुरू होतं. ज्याला माणसं भेटायचीत त्याच्यासाठी हे बजेट बरोबर होतं.

परत पवनारला

१९५९ मध्ये काश्मीरला जाताना पीर पंजालची सुमारे साडेतेरा हजार फुटांची उंची ओलांडणं, १९६० मध्ये चंबळच्या खोऱ्यात डाकूंचं आत्मसमर्पण, आसाम, १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तान. असं फिरत विनोबा १० एप्रिल १९६४ ला पवनारला परतले. वय ६८. पुढच्याच वर्षी बिहारमध्ये ग्रामदानासाठी तुफान यात्रा सुरू झाली आणि ती मात्र मोटारीनं. शरीर थकलं होतं आणि घाई होती.

१९७० नंतर ते पवनारलाच राहिले. आणीबाणीतल्या त्यांच्या भूमिकेवर टीका झाली, ती आजही होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध थांबवलं. १५ नोव्हेंबरला निधन झालं. पुढच्या वर्षी मरणोत्तर भारतरत्न.

भूदानात एकूण सुमारे ४२ लाख एकर जमीन जाहीर झाली. त्यातली १३ लाखांच्या आसपास भूमिहीनांपर्यंत पोचली, म्हणजे शंभरातले तीस एकर. उरलेल्यात खडकाळ आणि पडीक जमीन होती, कोर्टकज्जे होते, दिलेला शब्द वारसांनी फिरवल्याची प्रकरणं होती. ५ कोटींच्या उद्दिष्टापुढं हा आकडा लहान दिसतो. तरी एका माणसानं केवळ मागून सुरू केलेल्या कामातून १३ लाख एकरांचा मालक बदलला, हेही तितकंच खरं.

विदर्भातल्या अशा जमिनींना १९५३ चा मध्य प्रदेश भूदान यज्ञ कायदा लागू झाला, कारण तेव्हा आपण त्या राज्यात होतो. या जमिनी ज्यांना मिळाल्या त्यांच्या हस्तांतरणावर बंधनं आहेत. म्हणून गावात एखादा तुकडा स्वस्तात मिळतोय असं कानावर आलं तर व्यवहाराआधी सातबारावर भूदानाची नोंद आहे का, ते तलाठ्याकडून पाहून घ्या.